यानिकेची रांग

सिक्स्टन माझ्या रांगेतून निघाला आणि यानिकेच्या रांगेत जाऊन उभा राहिला. झालं ते एवढंच. नोव्हेंबरमधला गुरुवार होता, बाहेर धड पाऊस नाही धड बर्फ नाही असं काहीतरी पडत होतं, प्रार्थनाघराच्या तळघरात ओल्या कोटांचा वास कोंडला होता आणि दोन पातेल्यांत वाटाण्याचं पिवळं सूप वाफाळत होतं. एक पातेलं माझं, दारापाशी. दुसरं यानिकेचं, पियानोच्या बाजूला. सिक्स्टन माझ्यापुढे तिसरा होता. सत्तरी ओलांडलेला, कानटोपी कधी न काढणारा हा माणूस सात वर्षं दर गुरुवारी माझ्याच हातचं सूप जेवत आला होता. त्याला डुकराचं खारवलेलं मांस तळातलं लागतं, वाटलेली मोहरी वाडग्याच्या काठावर लागते, सुपात बुडलेली चालत नाही, हे मला त्याच्या बहिणीला ठाऊक नसेल इतकं ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, अगदी ओळखीची, आणि रिकामा वाडगा छातीशी धरून पलीकडे गेला. माझ्यापुढे दोन माणसं होती. तिच्यापुढे अकरा. भुकेला माणूस लहान रांग सोडून मोठ्या रांगेत जातो तेव्हा त्याला सूप नको असतं, दुसरंच काहीतरी हवं असतं. ते माझ्याकडे नव्हतं.

मी वाढत राहिले. माझ्या वाढण्यात कोणी खोट काढून दाखवावी. ओगराळं तळापर्यंत घालायचं, एकदा ढवळायचं, प्रत्येकाच्या वाडग्यात मांसाचे तीन तुकडे पडले पाहिजेत, कमी नाहीत, जास्त नाहीत. वर मरवा. वाडग्याची कड पुसून द्यायची. समोरच्याचं नाव घ्यायचं, कारण आमच्याकडे तसा नियमच आहे: इथं जेवायला येणाऱ्याला दिवसभरात दुसरं कोणी नावानं हाक मारत नाही, म्हणून निदान सूप देताना त्याचं नाव घ्यावं. मी घेते. एकही चुकत नाही. पलीकडे यानिके ओगराळं मध्येच हवेत धरून कोणाला तरी काहीतरी सांगत होती, थेंब टेबलावर गळत होते, एकाला पाच तुकडे, दुसऱ्याला एकच, नावंही ती चुकवायची आणि चुकलं की स्वतःच खो खो हसायची. "अरे देवा, तू रोलंड ना? मग मी गेले दोन महिने बर्टिल कोणाला म्हणतेय?" आणि तो रोलंड, जो माझ्यापुढे कधी हूं की चूं करत नाही, तो म्हणाला, "मलाच म्हणतेस. मला आवडतं ते." सगळी रांग हसली. मी कड पुसली आणि पुढच्याचं नाव घेतलं.

आता हे सांगायलाच हवं की यानिकेला तिथं मीच आणलं होतं. सोमवारी संध्याकाळी त्याच तळघरात आमचा गट जमतो, दारू सोडलेल्यांचा. मार्चमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा हाताच्या बोटांची सालटं सोलत दाराशी बसली होती, चौतीस वर्षांची, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, नवरा कधीच सोडून गेलेला. गटात प्रत्येक नव्या माणसाला एक सोबती देतात. तल्लफ आली की प्यायच्या आधी ज्याला फोन करायचा तो सोबती. मी तिची सोबतीण झाले. पहिले दोन महिने तिचे फोन पावणेदहाला यायचे. सरकारी दारूचं दुकान दहाला उघडतं, आणि आमच्यातल्या कोणालाही विचारा, पावणेदहाला फोन वाजला की पलीकडचा माणूस कुठं उभा आहे हे सांगावं लागत नाही. मी ट्राम पकडून जायचे. दुकानासमोरच्या बाकावर ती बसलेली असायची. मी काही उपदेश करत नसे. तिच्या कोटाची बाही धरायची आणि चालायला लागायचं, पुलावरून, नदीच्या वाऱ्यात, पार पलीकडच्या काठापर्यंत, तिथं कॉफी, वेलदोड्याचा बन, आणि परत. अकरा वाजेपर्यंत बहुतेक वेळा तल्लफ उतरलेली असायची. ते दिवस मला अजून आवडतात. त्या दिवसांत मी चांगली होते, आणि चांगली आहे हे मला कळतही होतं. ती माझ्या बाहीला लोंबकळून चालायची आणि म्हणायची, "इंगालिल, तू नसतीस तर?" आणि मी म्हणायचे, "मी नसते तर दुसरं कोणी असतं," पण मनातून मला ते अजिबात खरं वाटत नसे.

मग मेमध्ये तिला म्हटलं, नुसतं स्वतःबद्दल बोलत बसण्यापेक्षा गुरुवारी हात लाव. कांदे चिर. कारण मलाही माझ्या पहिल्या वर्षी हेच सांगितलं होतं: प्रभूनं तुला गटारातून उचललं ते काही सोफ्यावर बसवायला नाही. ती कांदे चिरायला आली आणि तिसऱ्या आठवड्यात कांद्यानं रडता रडता गायला लागली. ऑगस्टमध्ये गर्दी वाढली, दुसरं पातेलं लावावं लागलं, हाताखाली माणूस नव्हता, तेव्हा आमच्या तोर्ग्नीनं, म्हणजे तळघराचा सगळा कारभार पाहणाऱ्या डीकननं, ओगराळं तिच्या हातात दिलं. आणि ती उजळली. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की थकलेली, चिडलेली, चार दिवस अंघोळ न केलेली माणसं त्याच्याकडे शेकोटीला यावं तशी यायला लागली. तोर्ग्नी प्रार्थनेत म्हणायला लागला, "प्रभू, आम्हा सर्वांना आनंदानं वाढायला शिकव." आम्हा सर्वांना. टेबलाशी आम्ही दोघीच वाढणाऱ्या होतो आणि एकीला ते येत होतं.

हेवा कुठं बसतो ते मला नेमकं माहीत आहे. जिथं तहान बसते तिथंच, घशाच्या खाली आणि छातीच्या हाडाच्या मागं, मूठभर जागा. सिक्स्टन पलीकडे गेला त्या दुपारी भांडी घासताना मला ती जागा जाणवली आणि मी दचकले, कारण सात वर्षांत ती इतकी कोरडी कधी पडली नव्हती. मला शाळेतलं लुसियाचं वर्ष आठवलं. डिसेंबरच्या तेराव्या दिवशी एका मुलीला पांढरा झगा घालून, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट ठेवून सगळ्यांच्या पुढं चालवतात, आणि आमच्या गावी ती मुलगी मतं घालून निवडत. मी चौदाची होते, माझी धाकटी बहीण उल्ला बाराची. मी केशराचे बन भाजले, झगे इस्त्री केले, गाण्यांचा दुसरा सूर पाठ केला, आणि मुकुट उल्लाच्या डोक्यावर गेला. ती काही माझ्यापेक्षा सुंदर नव्हती. ती नुसती खोलीत आली की लोकांना बरं वाटायचं, बस. मी तिच्या मागं तिसऱ्या ओळीत मेणबत्ती धरून चालले, सगळ्या ओळी नीट गायल्या, आणि नंतर मोठी माणसं उल्लाभोवती जमली असताना स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या गरम मसाल्याच्या वाइनचे तळाशी उरलेले घोट एकेक करून पिऊन टाकले. बेदाणे आणि बदामांसकट. सात का आठ पेले. छातीच्या हाडामागची ती मूठ सैल झाली आणि मला वाटलं, अच्छा, याच्यावर औषध आहे तर. गटात मी माझी गोष्ट सांगते तेव्हा घटस्फोटापासून सुरू करते, मुलीनं फोन उचलायचा थांबवला तिथून, वॉशिंग मशीनमध्ये लपवलेल्या बाटल्यांपासून. उल्लाचा मुकुट मी कधी सांगितला नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईनं तो सांगायचा तरी कसा?

मी प्रार्थना केली नाही असं नाही. सकाळी खिडकीशी उभं राहून कॉफी गार होईपर्यंत केली. पण हेव्याची प्रार्थना विचित्र असते. मी म्हणायचे, प्रभू, मला तिच्यासारखा आनंद दे, आणि ते म्हणता म्हणता दिसायचं ते असं की पियानोजवळ कोणीच नाही आणि दारापाशी माझ्यासमोर अकरा माणसं. मग मी म्हणायचे, प्रभू, तिला सांभाळ, ती अजून कच्ची आहे. आणि हे वाक्य म्हणताना मला बरं वाटायचं. ते इतकं चांगलं वाक्य होतं की ते घेऊन मी मंगळवारी तोर्ग्नीकडे गेले.

तोर्ग्नी कॉफीच्या मशीनला ठोसे मारत होता. ते ठोशांशिवाय चालत नाही.

"यानिकेबद्दल बोलायचं होतं," मी म्हटलं.

"सोनं आहे पोरगी."

"आहेच. म्हणूनच म्हणते. आठच महिने झालेत तिला. ओगराळं हातात द्यायला पुरतं एक वर्ष लागतं, हा नियम आपलाच आहे ना?"

तो थांबला. नियम होताच, आणि उगाच नव्हता. पातेल्याशी उभं राहिलं की दीड तास शंभर माणसं तोंडावर श्वास सोडतात, निम्म्यांच्या श्वासाला वाइनचा, बिअरचा, कधी त्याहून वाईट कशाचा वास असतो. ज्याला स्वतःला सुटून वर्ष झालं नाही त्याला तिथं उभं करू नये.

"तिला काही त्रास होतोय का? तुला काही बोलली?"

इथं मला नाही म्हणता आलं असतं. "मी तिची सोबतीण आहे, तोर्ग्नी," मी म्हटलं. "मला सगळं सांगता येत नाही."

एवढंच बोलले. यात एकही शब्द खोटा नव्हता आणि सगळं मिळून खोटं होतं. तोर्ग्नी भला माणूस. भल्या माणसांना अर्धं सांगितलं की उरलेलं ती काळजीनं भरून काढतात. त्याचा चेहरा पडला. "बिचारी," तो म्हणाला. "मला दिसायला हवं होतं. उद्या ती वाटाणे भिजवायला येईल तेव्हा सांगतो मी. मार्चपर्यंत पाव आणि लोणी बघेल ती, आत." आत म्हणजे स्वयंपाकघरात, जिथून रांग दिसत नाही. मी म्हटलं, "हळू सांग." खरंच असं म्हटलं मी.

बुधवारी मी गेलेच नाही. वाटाणे भिजवायला दोघं पुरतात. संध्याकाळी घरी मोजे रफू करत बसले आणि सारखी फोनकडे बघत होते. ती फोन करेल, रडेल, मी म्हणेन, अगं तुझ्याच भल्यासाठी. माझं वाक्य तयार होतं. तिनं फोन केला नाही. आणि मला काय वाटावं? राग आला. एवढं होऊनही हिला माझी गरज वाटू नये!

गुरुवारी सकाळी मी आठपासून तळघरात होते. वाटाणे रात्रभर फुगून पातेल्यात वर आले होते. सालं काढली, मांस घातलं, कांदा, मरवा. यानिके नऊला यायची, आली नाही. तोर्ग्नी म्हणाला, काल ऐकून घेतलं तिनं, हसली सुद्धा, म्हणाली, बरोबर आहे, नियम आहे. मग जाताना एप्रन घडी घालून ठेवून गेली. "घडी घातली?" मी विचारलं. यानिकेनं आजवर कशाची घडी घातली नव्हती. तोर्ग्नी पॅनकेकचं पीठ कालवायला आत गेला. मी हात धुतले, पुसले, आणि तेव्हा एप्रनच्या खिशात फोन थरथरला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा वाजले होते. फोन बाहेर काढून मी तिचं नाव वाचलं. एकदा वाजला. माझे हात कोरडे होते, पातेलं मंद आचेवर होतं, मला काहीही काम नव्हतं. दोनदा वाजला. मला तो बाक दिसला, दुकानाच्या काचा दिसल्या, आत दिवे लावत फिरणारा हिरव्या शर्टातला माणूस दिसला, तिची सालटं सोललेली बोटं दिसली. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, मला अकरा वाजता लागणारी रांग दिसली, एकच, दारापासून माझ्यापर्यंत. हे दोन्ही मी एकत्र पाहिलं. मग अंगठ्यानं लाल बटण दाबलं. फोन खिशात ठेवला आणि सूप ढवळलं, जे ढवळायची गरज नव्हती. मनात म्हणाले, पंधरा मिनिटांनी करते. दहाला म्हणाले, आता रांगेची तयारी. साडेदहाला म्हणाले, आता केला तरी काय उपयोग. मी पीत होते तेव्हाही माझा दिवस असाच जायचा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी.

अकराला दार उघडलं. आणि आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते, पण ते खरं आहे: मला आनंद झाला. सात वर्षांत झाला नव्हता असा. सगळे माझ्याकडे आले. दुसरं पातेलं लावलंच नव्हतं. पहिल्याच माणसाचं नाव घेताना माझा आवाज गोड निघाला, मलाच ऐकू आला. मी कड पुसली नाही. तुकडे मोजले नाहीत. रोलंडला म्हटलं, "काय रे बर्टिल?" आणि तो कसनुसा हसला. हिल्डूरला, जी तिच्या पिशव्या कधी खाली ठेवत नाही, म्हटलं, "आण, पिशवीतच ओतते," तीही हसली. ओगराळं हलकं झालं होतं. वाफ तोंडावर येत होती आणि मला वाटत होतं, हेच ते, यालाच म्हणतात आनंदानं वाढणं, मला येतं हे, मला कोणी येऊ देत नव्हतं. प्रत्येक जण वाडगा घेताना विचारायचा, "यानिके कुठाय?" मी म्हणायचे, "सर्दी झालीय." एकदा म्हटलं, दहादा म्हटलं, चाळीसदा म्हटलं. चाळिसाव्या वेळेपर्यंत तिला खरोखरच सर्दी झाली होती, नाक लाल, गळ्याला मफलर, मी मनातल्या मनात तिला लिंबू-मध पाजला होता.

सिक्स्टन शेवटाकडे आला. त्यानं वाडगा पुढं केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"आज काय, लॉटरी लागली का?"

"का? हसू नये की काय?"

"हस की. पोरगी कुठाय?"

"सर्दी झालीय."

"हं." त्यानं मोहरीच्या बरणीकडे बोट दाखवलं, मी काठावर लावली. "मार्ताचा गुडघा दुखायचा," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मार्ता माझ्या आधी पातेल्याशी असायची. बुटकी, करड्या अंबाड्याची, बारा वर्षं सूप वाढलेली बाई. माझ्या पहिल्या वर्षी मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पॅनकेकवर जॅम घालायचे. वर्ष झालं तेव्हा तिनं ओगराळं माझ्या हातात दिलं, म्हणाली, गुडघा फार दुखतो गं, उभं राहवत नाही. पुढं ती यायचीच बंद झाली.

"मार्ताचं काय आता?"

"तू तेव्हा हसायचीस," सिक्स्टन म्हणाला. "जॅम सगळीकडे सांडायचीस. आम्ही मार्ताकडून सूप घ्यायचो आणि पळायचो पुढं, तुझ्याकडं. थांबायचं कोण तिच्यापाशी? एकदा म्हणाली मला, सिक्स्टन, अलीकडे माझ्याशी कोणी बोलत नाही रे. मी म्हटलं, बोलतो की. आणि जॅम घ्यायला गेलो. मग गुडघा दुखायला लागला तिचा."

"गुडघा खरंच दुखत होता तिचा."

"रविवारी डोंगर चढायची ती. मी बघितलीय." त्यानं वाडगा उचलला. "पण तिनं आपलं तोंड मिटून ओगराळं तुला दिलं. नियम नाही काढला. तोर्ग्नीला नियम आठवायची अक्कल कधीपासून आली?"

"तुला कोणी सांगितलं?"

"रांगेत उभं राहणाऱ्याला सगळं कळतं, बाई. आम्हाला दुसरं काम काय."

तो गेला. मागं आणखी पाच-सहा जण होते. मी त्यांना वाढलं, नावं घेतली, पण आवाज परत माझा जुना झाला होता. मी तेव्हा हसायचे? मला जॅम आठवत होता, त्याची चिकट बरणी, माझे थरथरणारे हात, आणि हो, आठवलं, माझ्यापुढे माणसांचा घोळका असायचा आणि मला वाटायचं सगळ्या जगालाच जॅम आवडतो. मार्ता टेबलाच्या त्या टोकाला कशी दिसायची? मला आठवेना. मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. सुखात असलेला माणूस बाजूला बघत नाही. यानिकेनंही पाहिलं नसणार. आणि मी इतके आठवडे समजत होते की ती बघते, मुद्दाम मोठ्यानं हसते. मी फोन काढून तिला लावला. बंद होता. पुन्हा लावला. हाडामागची ती मूठ इतकी आवळली की मला टेबल धरावं लागलं. तोर्ग्नीला हाक मारावी, ओगराळं टाकावं, धावत सुटावं, असं मनात येत होतं, आणि पाय जागचे हलत नव्हते, कारण गेले असते तर जे दिसलं असतं ते माझं असतं.

तेवढ्यात ती आली. दारातून, जेवायला येणाऱ्यांच्या बाजूनं. केस भिजून कपाळाला चिकटलेले, कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. खोक्यातला वाडगा तिनं स्वतः उचलला, दोन्ही हातांनी, आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिच्यापुढे एकच माणूस होता. खोली गप्प झाली नाही, आमच्याकडे दारू पिऊन येणाऱ्याचं कोणाला नवल वाटत नाही. पण माना वळल्या. पुढचा माणूस बाजूला झाला आणि ती माझ्यासमोर आली. लाल वाइनचा वास होता, स्वस्तातल्या, मला ती बाटली कुठल्या फळीवर असते तेही सांगता आलं असतं.

"उरलंय का?" तिनं विचारलं.

"उरलंय."

नाव घ्यायचं होतं. माझ्या तोंडातून निघेना. तिनं वाडगा धरून ठेवला होता, बाकीचे सगळे धरतात तसाच.

"यानिके," मी म्हटलं. "फोन मी कापला."

"माहितेय. दोनदा वाजला आणि कट झाला." ती माझ्याकडे बघत नव्हती, सुपाकडे बघत होती. "हात ओले असले की तो वाजतच राहतो. मला माहितेय तुझं."

"मग इथं का आलीस?"

"आज गुरुवार ना." तिनं खांदे उडवले. "कुठं जाणार होते?"

मागं तोर्ग्नी पॅनकेकचं ताट घेऊन उभा राहिला होता. मी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. "आणि ओगराळंही," मी म्हटलं. "तोर्ग्नीनं नाही. मी काढून घ्यायला लावलं."

हे तिला माहीत नव्हतं. तिनं मान वर केली. डोळे सुजले होते, आणि त्यांत राग नव्हता. तिथं नुसता गोंधळ होता, हात धरून चालवणाऱ्यानंच हात सोडल्यावर होतो तसा.

"का?"

"तुझी रांग मोठी होती म्हणून."

मोठ्यानं म्हटल्यावर ते इतकं छोटं वाटलं की मला स्वतःलाच ते खरं वाटेना. गेले कित्येक आठवडे जे माझ्या छातीत दगडासारखं होतं ते शाळेतल्या पोरींच्या भांडणाएवढं निघालं. आणि त्यासाठी तिचे आठ महिने गेले होते. जवळच्या टेबलावर कोणाचा तरी चमचा थांबला. यानिकेला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती हसायला लागली, तेच हसणं, फक्त मध्ये मध्ये त्याला हुंदका लागत होता.

"सुपाच्या रांगेसाठी?"

"हो."

"इंगालिल, त्यांना मोहरी जास्त मिळायची माझ्याकडं. बाकी काही नाही गं." आणि मग हसू संपलं. "मला बाकीचे सहा दिवस काहीच नसतं. तुला माहीत होतं ते."

"माहीत होतं." मी ओगराळं खाली ठेवलं. "मला माफ कर."

ती एका हातानं टेबल धरून डोलत होती. मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. तिचा तसाच स्वभाव आहे. पण तिनं मान हलवली.

"आज नको विचारू. आज अर्धी बाटली पोटात आहे. आज मी सगळ्यांना माफ करेन, माझ्या नवऱ्याला सुद्धा. त्याला काही अर्थ नाही. शुद्धीत असेन तेव्हा विचार."

"उद्या?"

"बघू उद्या. मी असले तर."

मी तिचा वाडगा भरला. किती तुकडे पडले ते पाहिलं नाही. तिच्या हातात तो राहिला नसता, म्हणून टेबलाला वळसा घालून मी तो उचलला आणि तिच्या मागून चालले. सिक्स्टननं सरकून बाकावर जागा केली, रोलंडनं आपला पाव तिच्यापुढे ढकलला, हिल्डूरनं तर चक्क पिशवी खाली ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. प्यायलेली, विस्कटलेली, पराभूत होऊन आलेली, तरी तिला बघून त्यांना आनंद झाला होता, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला हेवा वाटला. वाडगा तिच्यापुढे ठेवून मी तिथंच उभी राहिले. तिनं दोन चमचे खाल्ले, मग डोकं हातावर टेकलं. मी तिची बटणं सोडवून नीट लावली. उद्या नऊच्या आधी तिच्या दाराशी असेन, हे मला ठाऊक होतं. पुढचं माझ्या हातात नव्हतं, म्हणून त्या दुपारी, त्या बाकामागं उभी राहून, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मी सरळ मागितलं: प्रभू, उद्या ती शुद्धीत असू दे, आणि मी माफी मागेन तेव्हा तिला शुद्धीत राहून खुशाल नाही म्हणू दे.